श्रीखंडाच्या डब्यातून ड्रोन उडतो!

थांबा, आधी जरा श्वास घेते. नाही, नकोच, सांगूनच टाकते. ड्रोन उडवायचा रिमोट घरी करता येतो! घरी म्हणजे अगदी घरी! डायनिंग टेबलावर! एका बाजूला निवडायची मेथी, दुसऱ्या बाजूला तापलेली सोल्डरिंग गन! आणि तो रिमोट चालतो! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, टीव्हीचा रिमोट नाही का चालत? चालतो हो. पण तो मी केलेला नाही ना!

मी कोण? एका पतपेढीत हिशेब लिहिणारी बाई. शिक्षण बी.कॉम. दहावीनंतर विज्ञानाचा आणि माझा संबंध आला तो घरातला फ्यूज उडाल्यावर, आणि तेव्हाही मी वायरमनलाच फोन केला. तेव्हा कुणी इंजिनिअर हे वाचत असतील तर त्यांनी कपाळाला हात लावू नये, लावलाच तर मला दिसणार नाही अशा बेतानं लावावा. पुढे जे सांगणार आहे ते पॉलिटेक्निकचं कुठलंही पोरगं माझ्यापेक्षा नीट सांगेल. पण त्याला सवय झालेली असते! मला अजून व्हायचीय. म्हणून आत्ताच ऐकून घ्या.

दोष सगळा ओंकारचा. ओंकार म्हणजे माझ्या दादाचा मुलगा, शिकायला माझ्याकडे पुण्यात राहतो. त्यानं सुटे भाग जमवून एक छोटा ड्रोन जोडला. चार मोटरी, कार्बन फायबरची चौकट आणि मधोमध फ्लाइट कंट्रोलर नावाचा एक चौकोनी बोर्ड. ड्रोन तयार, पण उडवायचा कशानं? चांगला रिमोट विकत घ्यायचा तर किंमत चार आकडी, तीही पहिला आकडा बराच मोठा असलेली. मी म्हटलं, मग दिवाळीपर्यंत थांब. तर तो म्हणाला, "आत्या, आपण करू." ‘मी करतो’ नाही, ‘आपण’! त्या एका शब्दात मी अडकले, आणि आता तुम्हालाही अडकवणार आहे.

तर ऐका. रिमोट म्हणजे काय? मला वाटायचं, आत काहीतरी गूढ असतं, सीलबंद, कंपनीलाच ठाऊक. छे हो! रिमोट म्हणजे चार आकडे! वर किती जायचं हा एक, त्याला म्हणतात थ्रॉटल. पुढे-मागे किती झुकायचं, ते पिच. डावीकडे-उजवीकडे कलायचं, ते रोल. जागच्या जागी गिरकी घ्यायची, ते यॉ. संपलं! हे चार आकडे भराभर, पुन्हा पुन्हा, हवेत सोडत राहायचे. बाकी ड्रोन तोल कसा सांभाळतो, कुठली मोटर किती फिरवतो, ती भानगड त्या फ्लाइट कंट्रोलरची. तो आपल्या जायरोकडे, म्हणजे कलणं-फिरणं ओळखणाऱ्या भागाकडे, सेकंदाला हजारो वेळा बघतो आणि मोटरींना सांगत राहतो. रिमोटनं फक्त मनातली इच्छा कळवायची, तीही आकड्यांत! आणि आकडे म्हणजे माझा प्रांत! आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?

आता अंगठ्याच्या हालचालीचा आकडा कसा होतो ते पाहा. जॉयस्टिकचं छोटं मोड्युल मिळतं, खेळाच्या कन्सोलवर असते तसली मशरूमसारखी दांडी. तिच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर चिकटलेले असतात. नावाला घाबरू नका, रेडिओच्या आवाजाचा कान पिळायचो ना, तोच हा! दांडी हलली की आतला कान फिरतो, कान फिरला की व्होल्टेज बदलतं, आणि ते व्होल्टेज मोजायला असतो आर्डुइनो नॅनो. बोटभर लांबीचा बोर्ड. हा आर्डुइनो इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली जन्मला, कशासाठी, तर डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावा म्हणून! म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच! शिवाय त्याचा आराखडा सगळ्यांना खुला, त्यामुळे कुणीही बनवू शकतं, आणि म्हणून तो आपल्या गल्लीतल्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांच्या घरात मिळतो.

ओंकारनं वायरी जोडल्या, लॅपटॉपवर एक पांढरी खिडकी उघडली आणि म्हणाला, "हलव." मी दांडी हलवली. आणि आकडे पळायला लागले! शून्यापासून १०२३ पर्यंत! दांडी तळाला, शून्य. वर ढकलली, १०२३. सोडली, ५१२ च्या आसपास! माझ्या अंगठ्याचा आकडा! मी अंगठा केसभर हलवला, आकडा ५४०. आणखी केसभर, ५६७. मेथी राहिली बाजूला, मी तिथेच बसून आकडे वरखाली करत राहिले, ओंकार जेवून आला तरी माझं चालूच! आणि मग मला एक गंमत दिसली. दांडीला हातही लावलेला नसताना आकडा स्थिर नव्हता! ५११, ५१३, ५१२, पुन्हा ५११, नुसती चुळबुळ! मी म्हटलं, अरे, हा तर हिशेबात पैसे इकडेतिकडे होतात तसला प्रकार. ओंकार म्हणाला, "म्हणूनच आपण त्याला सांगायचं, ४९० ते ५३० मध्ये काही आलं तरी मधोमधच समज." म्हणजे राउंडिंग! राउंडिंग हो! पतपेढीत मी रोज करते ते!

पण थ्रॉटलला ही दांडी चालत नाही. का? कारण अंगठा काढला की स्प्रिंग तिला मधोमध आणते. थ्रॉटल असा आपोआप अर्ध्यावर आला तर ड्रोन काय करेल ते सांगायला नको. थ्रॉटल जिथे ठेवला तिथेच राहिला पाहिजे. म्हणून मग स्लाइड पॉट आणायचं ठरलं, जुन्या म्युझिक सिस्टिमवर वरखाली सरकणारी बटणं असायची ना, ती. आणि मग आम्ही गेलो तपकीर गल्लीत!

तपकीर गल्ली मला माहीत होती ती माळा-तोरणांपुरती. दिवाळीत दिव्यांच्या माळा आणायला आपण सगळेच तिथे गर्दीत चेंगरतो. पण त्याच बुधवार पेठेत, त्याच बोळांतून, छताला भिडलेल्या प्लास्टिकच्या ड्रॉवरांमध्ये हे सगळं जग भरून ठेवलंय हे मला पन्नाशीत कळावं? मी ऐटीत विचारलं, "दहा के चा स्लाइड पॉट आहे का?" काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकच प्रश्न केला, "ए देऊ की बी?"

आता आली का पंचाईत! ओंकार मागून म्हणाला, "बी, बी." आणि मग काकांनीच समजावलं, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, अगदी प्रेमानं. ए म्हणजे ऑडिओचा. आपल्या कानाला आवाज जसा वाढल्यासारखा वाटतो त्या हिशेबानं तो वाढतो, आधी हळूहळू, मग एकदम. बी म्हणजे सरळ रेषेत, जेवढं सरकवाल तेवढंच वाढेल. "ताई, ए लावलात तर अर्ध्यापर्यंत काही होणार नाही, आणि पुढे एकदम उडी मारेल." बघा! बाहेरून दोन्ही सारखे, पाठीवर बारीक अक्षरात एक ए नाहीतर बी, आणि त्या एका अक्षरावर ड्रोन शहाण्यासारखा उठणार की छताला थडकणार ते ठरणार! मी घरी येईपर्यंत रिक्षात तो पॉट उलटा करून ‘बी-१०-के’ वाचत होते.

आता खरी जादू. आकडे तर झाले, ते हवेत कसे सोडायचे? त्यासाठी एक मोड्युल मिळतं, नाव एनआरएफ२४एल०१. टेलिफोन नंबर वाटतो, पण पाठ होतो. तीन सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद, आठ पिना, चिप नॉर्वेतल्या नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीची. मी म्हटलं, अँटेना कुठाय? ओंकारनं बोर्डाच्या टोकावरची एक नागमोडी रेघ दाखवली. ती रेघच अँटेना! छापलेली! मी भिंग आणून पाहिली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, अँटेना तिच्या पावपट लागते, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि तीही वळणं घालून एका कोपऱ्यात मावते! आमच्या लहानपणी गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाचं ते भलंमोठं जाळं असायचं, कावळे बसायचे त्यावर!

आणि मग चॅनेल! हे नीट ऐका, मला यानं अख्खी रात्र झोप लागली नाही. या मोड्युलला १२६ चॅनेल. चॅनेलच्या आकड्यात २४०० मिळवायचे की झाली मेगाहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी. बेरीज! नुसती बेरीज! आता याच पट्ट्यात आपलं वायफायही असतं. बहुतेक राउटर १, ६ नाहीतर ११ नंबरच्या वायफाय चॅनेलवर बसतात, आणि त्यातला ११ नंबरचा साधारण २४७३ ला संपतो. आणि आपल्या देशात परवान्याशिवाय वापरायला मोकळा पट्टा किती? २४०० ते २४८३.५. म्हणजे शेवटी उरला एक चिंचोळा बोळ, २४७३ ते २४८३.५! आणि आम्ही जी आरएफ२४ नावाची लायब्ररी वापरली, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला प्रोग्राम, ती काही न सांगता कुठला चॅनेल धरते माहितीये? ७६! २४७६! बरोबर त्या बोळात! कुणीतरी आपल्यासाठी विचार करून ठेवलाय हो! पुष्कळ लोक बिनदिक्कत १०८ टाकतात, तिथे वायफायची गर्दी नाही म्हणून. पण बेरीज करा, २५०८! मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर! हिशेबनीस बाई असलं चालवून घेणार नाही. ७६ म्हणजे ७६.

दोन मोड्युल एकमेकांना ओळखतात ते पत्त्यावरून. पत्ता पाच अक्षरांचा, आपल्याला हवा तो. मी लगेच म्हटलं, ‘आत्या’ घाल! इंग्रजी अक्षरांत त्याची चारच भरतात, म्हणून पुढे एकचा आकडा जोडला. आता हवेतून जो निरोप जातो त्याच्या माथ्यावर माझं नाव असतं! निरोप केवढा? सहा बाइट! चार आकड्यांचे चार, दोन बटणांचे दोन. आधीचा-नंतरचा सरंजाम धरून तो निरोप हवेत असतो किती वेळ, तर साधारण अर्धा मिलिसेकंद. आम्ही तो सेकंदाला ५० वेळा पाठवतो. म्हणजे एका सेकंदात मोड्युल बोलतं फक्त २५ मिलिसेकंद आणि बाकी वेळ गप्प! इतकं कमी बोलून इतकं काम! नावं घेत नाही, पण आमच्या पतपेढीच्या मीटिंगांना हे शिकवायला हवं.

हे सगळं कुणाला सुचलं पहिल्यांदा, म्हणून शोधायला गेले आणि मग आणखी चक्रावले. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात एक लोखंडी होडी ठेवली आणि तार न जोडता ती लांबून वळवून दाखवली! १८९८! रेडिओ केंद्रं निघायच्या कितीतरी आधी! आणि १९४२ साली हेडी लमार नावाच्या हॉलिवूडच्या नटीला, हो, नटीला, जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर पेटंट मिळालं. टॉर्पिडोला दिलेला निरोप शत्रूनं बुजवू नये म्हणून तो एका फ्रीक्वेन्सीवर न ठेवता सतत उड्या मारत ठेवायचा. किती फ्रीक्वेन्सींवर? ८८! पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्या! बाजारातले चांगले रिमोट अशाच उड्या मारतात. आमचा नाही मारत, तो ७६ वर मांडी घालून बसलेला आहे, आणि म्हणूनच तो मैदानापुरता. मोठा, जड ड्रोन यावर कुणी उडवू नये, हे मी ठासून सांगते, माझा अधिकार नसला तरी.

जोडणीचं फार सांगत नाही. एवढंच, की या मोड्युलला ३.३ व्होल्टच लागतात, पाच थेट दिले की ते गेलंच, म्हणून मध्ये त्याचा छोटा अडॅप्टर बोर्ड घालायचा, त्यावर रेग्युलेटर आणि कॅपॅसिटर आधीच बसवलेले असतात. आणि बॅटरी! मी म्हटलं, मोबाइलची पॉवर बँक लाव. ओंकारनं मान हलवली. पुष्कळ पॉवर बँका एवढीशी वीज ओढली जातेय हे पाहून समजतात की फोन चार्ज झाला, आणि मग आपणहून बंद होतात! ड्रोन हवेत असताना! म्हणून १८६५० नावाचे दोन रिचार्ज होणारे सेल, एकापुढे एक, होल्डरमध्ये. आणि हे सगळं बसवलं कशात? श्रीखंडाच्या चौकोनी डब्यात! झाकणावर दोन जॉयस्टिक, डाव्या कडेला स्लाइड पॉट, म्हणजे डाव्या हाताच्या तर्जनीनं थ्रॉटल. खरे पायलट हसतील. हसू देत! झाकण मात्र अजून टच्चकन बसतं!

ड्रोनच्या बाजूला दुसरं एनआरएफ आणि दुसरा छोटा आर्डुइनो, प्रो मिनी. तो निरोप घेतो आणि फ्लाइट कंट्रोलरला एकाच वायरीवरून देतो. सगळे आकडे, एका वायरीवर! कसे? पंगतीत वाढपी जातो तसे! पहिल्या पानावर रोल, दुसऱ्यावर पिच, मग थ्रॉटल, मग यॉ, मग बटणं, प्रत्येकाला हजार ते दोन हजार मायक्रोसेकंदांचं वाढप, ज्याचा आकडा मोठा त्याच्यापाशी जास्त वेळ, आणि शेवटच्या पानानंतर जरा लांब थांबायचं की कळलं, आता पुन्हा पहिल्यापासून! याला पीपीएम म्हणतात. लॅपटॉपवर बीटाफ्लाइट, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरचा प्रोग्राम, उघडलं की या आकड्यांच्या रंगीत पट्ट्या दिसतात, आणि मी स्वयंपाकघरातून डबा हलवला की बाहेरच्या खोलीत पट्ट्या सरकतात! भिंतीपलीकडून! मी आत, ओंकार बाहेर, "डावीकडे?" "हो!" "उजवीकडे?" "हो आत्या, हो!" शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. या बीटाफ्लाइटच्या मूळपुरुषाची कथाही ऐका. एका फ्रेंच हौशी माणसानं निन्टेंडो वी या खेळण्याच्या हातातल्या कंट्रोलरला जोडायच्या भागातला जायरो काढून त्यावर ड्रोन उडवला, त्याच्या मल्टीवी प्रोग्रामपासून पिढ्या वाढत वाढत हे आलंय. म्हणजे सगळा वंशच असा खेळणी उघडणाऱ्यांचा!

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. समजा निरोप आलाच नाही तर? डब्यातला सेल संपला तर? ओंकार म्हणाला, काही केलं नाही तर प्रो मिनी शेवटचाच आकडा सांगत राहील. म्हणजे थ्रॉटल वर असताना निरोप तुटला तर ड्रोन वरच जात राहणार! बापरे! मग प्रोग्राममध्ये ओळ घातली, एक सेकंद निरोप नाही आला तर थ्रॉटल शून्य कर. आणि परीक्षा घेतली, चारही पंखे काढून! पंखे काढल्याशिवाय घरात मोटर सुरू करायची नाही, हा नियम मी फ्रिजवर चिकटवलाय. मोटरी घुं करून फिरत होत्या, मी डब्याचा स्विच बंद केला, मनात ‘एक हजार एक’ म्हटलं, आणि मोटरी थांबल्या! आपणहून! मला उडण्यापेक्षा या थांबण्याचाच जास्त आनंद झाला असेल, खरं सांगते. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा थांबल्या!

उडवायला गेलो गावी, दहिवडीकडे, काढणी झालेल्या आमच्या रानात. पुण्यात लोहगावचा विमानतळ आणि लष्कराच्या जागा, तिथे नसती आफत नको. जायच्या आधी ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आमचं रान हिरव्या, म्हणजे उडवायला परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात आहे ना ते पाहिलं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. आमचा किती? माझ्या किचनच्या वजनकाट्यावर बॅटरीसकट २३८! वहिनी डब्याकडे पाहून म्हणाली, "श्रीखंड कुणी खाल्लं पण?" दादा म्हणाला, "आगं, ह्याला वायर न्हाई व्हय? मग त्याला कळतं कसं?" आणि मग मी त्याला बांधावर बसवून चार आकड्यांपासून सुरुवात केली, ओंकार ओरडेपर्यंत!

त्यानं आधी उडवला. गुडघाभर, मग कमरेएवढा, मग कडुलिंबाच्या शेंड्याएवढा. आणि मग डबा माझ्या हातात! तर्जनीनं पॉट सरकवला, मोटरींचा आवाज चढला, धूळ उडाली, आणि ड्रोननं जमीन सोडली! डावीकडे कलायला लागला, मी अंगठा उजवीकडे केसभर नेला, तोच अंगठा, तोच केसभर, ५४०, ५६७, आणि तो थांबला! हवेत! माझं ऐकून! वहिनीनं टाळ्या वाजवल्या, दादा टोपी धरून मागे सरकला, आणि मी अशी काही किंचाळले की पलीकडच्या रानातली माणसं बघायला आली आणि मग त्यांनाही सगळं पहिल्यापासून!

खर्च विचारताय? ड्रोन सोडून, दोन्ही बाजूंचा मिळून हजार-बाराशे. श्रीखंडाचे वेगळे.

आणि आता पुढचं ऐका, हे तर अजून केलेलंच नाही! या एनआरएफला निरोप मिळाला की तो ‘मिळाला’ अशी पोच उलट पाठवतो, आणि त्या पोचेबरोबर आपण आणखी काही बाइट जोडून देऊ शकतो! म्हणजे ड्रोन आपल्याला उत्तर देणार! बॅटरी किती उरली ते तोच कळवणार! त्याच मोड्युलवर, त्याच ७६ वर, जास्तीचा रुपयाही न घालता! फक्त आकडा दाखवायला एक इंचभराचा ओएलईडी डिस्प्ले आणायचा. तो नॅनोच्या ए४ आणि ए५ या दोनच पिनांना लागतो. ओंकार म्हणाला, आता पिना शोधाव्या लागतील. मी डबा उघडून दाखवला. त्या दोन मी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या!